कंट्रोलर काकांचा पुकारा

मध्यंतरी आमच्या नगरपरिषदेत दर सोमवारी, झाडलोट उरकून आम्ही खुर्चीला टेकतो न टेकतो तोच एक गृहस्थ येत. खिशातून पांढरी दस्ती काढत, तिची नीट लांबट घडी घालत, डोळ्यांवर बांधत, मागे घट्ट गाठ मारत आणि चाचपडत चाचपडत काउंटरवर आपला फोन ठेवत. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हं. आता मला दिसत न्हाई. आमच्या गल्लीत नळ कधी येनार, ते तुमच्या वेबसाइटवरून मला कळू द्या."

पहिल्या सोमवारी रांगेतल्या लोकांना वाटलं की जादूचे प्रयोग चाललेत. दोघं-तिघं तर आपलं काम सोडून पुढे सरकले. तेवढ्यात काउंटरवरचा फोन बाईच्या आवाजात बोलायला लागला, "लिंक. चित्र. चित्र. नाव नसलेलं बटण. चित्र. व्हॉट्सॲप इमेज. पाणी नोटीस नवीन फायनल फायनल. चित्र."

"ऐकलं?" दस्तीच्या आतून गृहस्थ गरजले. "गाडी हाय, फलाट हाय, बोर्ड बी हाय. गाडी कुठं चालली ते तेवढं कुनी सांगंना!"

हे आमचे कंट्रोलर काका. आमचे म्हणजे नगरपरिषदेचे नव्हेत, माझे. मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसते आणि काकांच्या नि आमच्या अंगणात छातीएवढी एकच भिंत आहे. त्यामुळे हा माणूस मला कचेरीतही चुकत नाही आणि घरीही चुकत नाही.

त्यांचं नाव गुणवंतराव. एसटीत कंट्रोलर होते, म्हणजे स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा लिहिणारे आणि माइकवरून गाड्या पुकारणारे. बाकीचे कंट्रोलर गाडीचं गाव आणि फलाट सांगून मोकळे व्हायचे. काकांचं तसं नव्हतं. त्यांचा पुकारा ऐकायला मी कॉलेजात असताना उगीच स्टँडवर थांबले आहे. "लक्ष द्यावे. गंगाखेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. गाडीची मागची काच नाही, तरी मागे बसणाऱ्यांनी डोक्याला बांधून घ्यावे. ड्रायव्हर चहाला गेलेले आहेत, ढकलाढकली करू नये." एकदा ताडकळसच्या गाडीत एक आजोबा झोपले होते, त्यांना उतरायचं होतं इथंच. काकांनी माइकवरून त्यांच्या पटक्याचा रंग सांगितला, बंडीला किती गुंड्या आहेत तेही सांगितलं आणि सगळ्या स्टँडने मिळून आजोबांना उठवलं.

वरच्या साहेबांनी यावरून त्यांना एकदा झापलं होतं. काकांचं म्हणणं ठरलेलं असे. "साहेब, निम्म्या लोकायला बोर्ड वाचता येत न्हाई. उरलेल्याच्या डोस्क्यावर वझं हाय, त्यायला मान वर करता येत न्हाई. बोर्ड डोळ्याला असतो, पुकारा मानसाला."

रिटायर झाल्यावर माइक सुटला, पुकारा सुटला नाही. त्याला कारण कौसल्याकाकू. काकू म्हणजे आमच्या गल्लीचा शिलाईचा कारखाना. माझ्या लग्नातले सगळे ब्लाउज त्यांनी शिवलेले. पुढे काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आधी सुईचं नाक दिसेना, मग सुई दिसेना, मग हात दिसेना. परभणीचे झाले, संभाजीनगरचे झाले, सगळ्या डॉक्टरांनी हात टेकले. काकूंनी मशीनवर कापड झाकून ठेवलं आणि काकांनी अंगणात पुकारा सुरू केला.

"लक्ष द्यावे. दूधवाला आलेला आहे. पिशवी नवी आहे, दूध रोजचंच आहे."

"लक्ष द्यावे. मांजर भिंतीवर येऊन बसलेलं आहे. एक पिल्लू कमी दिसतंय. आलं, आलं, मागून आलं."

इथवर मला काही तक्रार नाही. पण भिंतीच्या अलीकडे मी राहते. सकाळी कचेरीला निघाले की पलीकडून सुरू, "सुनीताताई निघालेल्या आहेत. हिरवी साडी. मागून फॉल निघालेला आहे. कपाळाला आठ्या. घरात भांडण झालेलं दिसतंय."

काकू आतून विचारणार, "नवऱ्यासंग का सासूसंग?"

"ते अजून कळालं न्हाई."

अशा वेळी माणसाने काय करावं? मी मुकाट्याने परत फिरते, फॉल टाचून घेते आणि आठ्या शक्य तेवढ्या कमी करून पुन्हा निघते. आमच्या घरात आरसा नसता तरी चाललं असतं.

वेबसाइटचं प्रकरण उगवलं ते गेल्या उन्हाळ्यात. काकांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांचा भाचा त्यांना परभणीला दवाखान्यात घेऊन गेला. मी नेमकी बहिणीकडे सेलूला लग्नाला गेलेले. काकू घरी एकट्याच राहिल्या, कुणाकडे जायला तयार झाल्या नाहीत. आमच्या गावात नळ आठवड्याने येतात, कधी दहा दिवसांनी येतात, आणि आले की तासाभरात जातात. कधी येणार त्याची नोटीस नगरपरिषद वेबसाइटवर टाकते, हे काकूंना मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. त्यांच्या फोनमध्ये भाच्याने ती बोलणारी बाई चालू करून दिलेली, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारी. काकू दुपारभर फोन कानाला लावून बसल्या. बाई म्हणत राहिली, चित्र. चित्र. चित्र.

नळ भल्या पहाटे आले आणि गेले. काका दवाखान्यातून आले तेव्हा ड्रमच्या तळाला तेवढं पाणी उरलं होतं. काकू त्यातलं बेताबेताने वापरत होत्या. आणि एक भरलेली कळशी त्यांनी वेगळी झाकून ठेवली होती, काका आले की त्यांच्या आंघोळीला.

मी सेलूहून आले आणि भिंतीवरूनच काकूंवर ओरडले, "मला फोन करायचा की! मी कुणालाही पाठवलं असतं."

काकू शांतपणे म्हणाल्या, "तू पाठवशील गं. तुझी तक्रार न्हाई. पर दर बारीला इचारायचंच का? गावातल्या सगळ्यायला जे नुसतं पाहून कळतंय, ते मलाच तेवढं कुनाला तरी इचारून कळावं?"

काका पायरीवर बसले होते. पुकाऱ्याशिवाय गप्प बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या सोमवारी ते दस्ती घेऊन कचेरीत आले.

आता या नोटिशीची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे आमच्या कचेरीची रीत कळेल. पाणीपुरवठ्याचे क्लार्क कागदावर हाताने नोटीस लिहितात. मग तिच्यावर मुख्याधिकारी साहेबांची सही होते आणि गोल शिक्का बसतो. मग तो कागद कॉम्प्युटरवाले जावेदभाई टेबलावर ठेवून फोनने त्याचा फोटो काढतात आणि तो फोटो वेबसाइटवर चढतो. फोटोत नोटीस तिरपी असते, कोपऱ्यात चहाच्या कपाची कड असते. वेबसाइटवर अक्षरं मोठी करायचं बटण आहे. ते दाबलं की आजूबाजूचं सगळं मोठं होतं, नोटीस आहे तेवढीच राहते.

"अक्षरं टाइप करून का टाकत न्हाई?" काकांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "टाइप केलेल्या मजकुरावर शिक्का कुठं मारायचा?"

साहेबांना हसू नका. आमच्याकडे शिक्का नसलेली नोटीस म्हणजे पारावरच्या गप्पा. उद्या कुणी म्हणालं की हे नगरपरिषदेने लिहिलेलंच नाही, तर दाखवायचं काय? मीसुद्धा इतकी वर्षं शिक्क्यावरच जगले आहे, मला साहेबांचं पटलं होतं.

काकांना पटलं नाही. त्यांनी कुठून तरी काढलं की सरकारचा नियमच आहे, सरकारी कचेरीची वेबसाइट न दिसणाऱ्या माणसालाही वापरता आली पाहिजे, चित्र टाकलं तर त्याचं वर्णन लिहिलं पाहिजे आणि नोटीस अक्षरांत पाहिजे. काकांना नियम म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक. वेळापत्रकात आहे म्हणजे गाडी सुटलीच पाहिजे. त्यांनी रीतसर अर्ज दिला, 'दिव्यांगांसाठी वेबसाइट सुगम करणेबाबत.'

अर्ज गेला बांधकाम विभागात. कारण आमच्याकडे दिव्यांगांसाठी काही सुगम करायचं म्हटलं की ते बांधकामाकडेच जातं. बांधकामवाल्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. पण माणसं कामाला चोख. महिन्याभरात कचेरीच्या दारात सिमेंटचा रॅम्प तयार. त्याचं उद्घाटन झालं, पेढे वाटले गेले, उद्घाटनाचा फोटो वेबसाइटवर चढला आणि अर्जावर शेरा पडला, 'सुगम केले.'

सोमवारी काकांनी दस्ती बांधली. फोन म्हणाला, "चित्र."

"हे काय नवीन?"

"रॅम्पचा फोटो हाय काका," जावेदभाई म्हणाले.

"रॅम्प झकास झाला. पर मला सांगा जावेदभाई, ह्यो वेबसाइटला चढायला केला का उतरायला?"

रॅम्पचा एक फायदा मात्र लगेच झाला. आमच्या सगळ्या स्टाफला मोटारसायकली लावायला सावलीची जागा मिळाली.

जावेदभाई म्हणजे अतिशय सरळ माणूस. आधी त्यांचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, तालुक्यातले निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे. दुकान बसलं आणि ते आमच्याकडे कंत्राटावर आले. दर सोमवारच्या दस्तीला ते कंटाळले आणि एक दिवस म्हणाले, "काका, खामखा तुम्ही पण परेशान, मी पण परेशान. वर्णन लिहायचं ना चित्राचं? लिहून टाकतो."

आणि त्यांनी लिहून टाकलं. सोमवारी फोन काउंटरवर ठेवला आणि बाई एका दमात सुरू झाली, "चित्र. विकासाचा ध्यास, गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे आशास्थान, दिलदार मनाचा राजा, सन्माननीय नगराध्यक्ष साहेब यांचे तेजस्वी छायाचित्र. शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ. चित्र. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ..." रांगेतला एक जण जेवून परत आला तरी बाई शुभेच्छुकांतच होती. पाण्याची नोटीस सगळ्यात शेवटी आली. तिच्या जागी लिहिलं होतं, 'नोटीसचे सुंदर छायाचित्र.'

काकांनी दस्ती सोडली. "जावेदभाई, गाडी पुकारायच्या आधी ड्रायव्हरचा सत्कार करायलाव का तुमी?"

"मग वर्णन कसं असतं काका? मी तर आतापर्यंत असंच लिहिलं."

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब नाशिककडचे, बदलीची वाट पाहत दिवस काढणारे, मनाने वाईट नाहीत. पण त्या दिवशी वैतागले. "काका, तुम्हाला एवढं कळतं ना? मग तुम्हीच सांगा काय लिहायचं ते. जावेद टाइप करेल. पण ती दस्ती आता बंद."

साहेबांनी हे रागाने म्हटलं होतं. काकांना ती नेमणूक वाटली.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. जावेदभाईंच्या शेजारी खुर्ची टाकली, घसा खाकरला, तोंडापुढे मूठ धरली आणि बोलायला लागले. जावेदभाई टाइप करत गेले. सगळ्यात आधी पाण्याची नोटीस. कोणत्या गल्लीला कोणत्या वारी, किती वाजता, सगळं अक्षरांत. शिक्क्याचा फोटो खाली तसाच ठेवला आणि त्याचं वर्णन दिलं, 'गोल शिक्का. वाकडा बसलेला आहे, पण खरा आहे.' शिक्कावाले खूश, अक्षरवाले खूश.

त्या संध्याकाळी पलीकडच्या अंगणात काकूंचा फोन बोलला, "मारुती मंदिरामागील गल्ली. गुरुवार, सकाळी सहा." काकूंनी तेच वाक्य पुन्हा लावलं. मग पुन्हा लावलं. मग मला हाक मारून म्हणाल्या, "सुनीता, तुमच्याकडं गुरुवारी सहाला नळ यायलेत. भांडे घासून ठेव." कुणाला न विचारता कळलेली बातमी दुसऱ्याला सांगायला मिळाली, त्याचं काय सुख त्यांच्या तोंडावर होतं! मी गुरुवारचं आधीच ऐकून होते. तरी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत काकू."

इथंच सगळं गोड झालं असतं. पण फलाटावर उभी असलेली एकही गाडी काकांना न पुकारता सोडवत नाही. वेबसाइटवर फोटो होते पोत्याने. काकांनी एकेक घ्यायला सुरुवात केली आणि जावेदभाई सांगितलं ते टाइप करत राहिले.

फोटोंच्या मागे काय लिहिलंय हे डोळस माणसाला दिसत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तो नळ लांबले तेव्हा. मोटार जळाली, पाण्याची बोंब झाली आणि सगळं गाव एकदम वेबसाइट उघडून बसलं. नेट पडलं मंद. फोटो काही उघडेनात आणि त्यांच्या जागी, चौकटीत, काकांचं वर्णन दिसायला लागलं.

'वृक्षारोपण. रोप एक आहे, त्याला धरणारे हात जास्त आहेत. साहेबांनी फावडे उलटे धरलेले आहे. रोप कोमेजलेले दिसते.'

'मासिक सभा. टेबलावर बिस्किटे. डावीकडून तिसरे सदस्य झोपलेले आहेत. बाकीचे बिस्किटांकडे पाहत आहेत.'

'रॅम्पचे उद्घाटन. फीत कापताना सगळे हसत आहेत. रॅम्पवरून कोणीही चढलेले नाही.'

दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. पाण्याची बोंब लोक विसरले. माझ्या खिडकीवर मृत्यूचा दाखला न्यायला आलेला माणूससुद्धा हसत होता. डावीकडून तिसरे सदस्य स्वतः तणतणत आले आणि साहेबांच्या केबिनचं दार आपटलं. साहेबांनी काकांना बोलावणं धाडलं, जावेदभाईंना उभं केलं आणि हुकूम सोडला की सगळं पुसा. वर्णनं पुसा, अक्षरं पुसा, पाण्याची नोटीस पूर्वीसारखी फोटोच टाका. पुन्हा ही भानगड नको.

मी जेवणाच्या सुट्टीत घरी धावले. काकूंना सांगितलं. काकू उठल्या, पदर नीट केला, काठी घेतली. "चल. मला घेऊन चल."

कचेरीच्या दारात त्यांची काठी कशाला तरी टणकन लागली.

"हे काय हाय गं?"

"रॅम्प आहे काकू, तुमच्यासाठी केलेला."

"आन् त्याच्यावर काय हाय?"

"मोटारसायकली."

"हे लिहायचं राहिलं व्हय यांच्याकडून?" म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही पायऱ्यांनी वर गेलो.

केबिनमध्ये काका मान खाली घालून उभे होते. छातीचं दुखणं झाल्यापासून ते थोडे वाकलेच होते, त्या दिवशी जास्त वाटले. काकूंनी आवाजावरून साहेबांची खुर्ची ओळखली आणि तिकडे तोंड केलं.

"साहेब, यांचं चुकलं. एवढं खरं लिहायचं नसतं."

सदस्य म्हणाले, "बघा, घरचे सुद्धा म्हणायलेत."

"पर मी परवा फोनवर समदे फोटो ऐकले," काकू पुढे म्हणाल्या. "फावड्याचं आलं तवा एकटीच हसत बसले. साहेब, माझी नजर गेल्यापासून मी फोटो पाहिला नव्हता. परवा पाहिला. तुमी कसे दिसता मला ठाव न्हाई, पर फावडं उलटं धरलेले तुमी मला दिसलात."

मी काकूंसाठी खुर्ची पुढे ओढली, त्या बसल्या नाहीत.

"तुमाला नको असतील तर फोटोचे समदे पुसा," काकू म्हणाल्या. "झोपलेल्या मानसाला उठवायचं काम आमचं न्हाई. पान्याचं तेवढं राहू द्या. ते पुसलं तर मला पुन्हा इचारत बसावं लागंल."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "जावेद, पाण्याची नोटीस अक्षरांतच राहील. कायम. मी इथून गेलो तरी. सभेचं वर्णन जरा सभ्य करा." मग थोडं थांबून म्हणाले, "फावड्याचं असू द्या."

मोटारसायकली दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला हलल्या.

जिंकल्यावर माणसाने मिरवावं की नाही? आठ दिवस तरी हा माणूस आपल्याला जगू देणार नाही असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. पलीकडच्या अंगणातला पुकारा कमी कमी होत गेला. काकू सकाळी फोन कानाला लावत. नळ कधी, लाइट कधी जाणार, रेशन आलं का, सगळं त्यांना ती फोनातली बाई सांगे. काका पायरीवर बसून राहत. दूधवाला आला, गेला, कुणी पुकारला नाही. मी मुद्दाम दोन दिवस आठ्या घालून घरातून निघाले. फॉल खरोखरच निघालेला होता. पलीकडून अक्षर नाही.

तिसऱ्या दिवशी मीच भिंतीपाशी गेले. "काका, बरं वाटत नाही का?"

"बरा हाय की."

"मग माइक बंद का?"

काका माझ्याकडे बघून हसले, फार नाही. "ताई, दवाखान्यात पडलो होतो तवा मला एकच घोर लागला होता. माझी गाडी लागली तर लागू द्या, तिचा नेम न्हाई. पर माझ्यामागं हिला गुरुवार का शुक्रवार, कोन सांगनार? आता ते मिटलं. आता हिला कुनाची गरज न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझी बी न्हाई. चांगलंच झालं की. त्याच्यासाठीच तर केलं."

चांगलंच झालं म्हणणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं. मला इतकं वाईट वाटलं की मी घरात निघून आले आणि चूल नसलेल्या स्वयंपाकघरात धूर लागल्यासारखे डोळे पुसत बसले.

मध्ये एक रविवार गेला. त्यानंतरच्या नळाच्या दिवशी सकाळी मी काकूंचं पातेलं परत द्यायला त्यांच्या अंगणात गेले. दूधवाला आला नव्हता म्हणून काका कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. काकू एकट्या होत्या आणि तयारीत होत्या. नळाला पाइप लावलेला, पाइपाचं दुसरं टोक ड्रममध्ये, ड्रमचं झाकण भिंतीला टेकवलेलं. फोन मांडीवर.

"सहाला यायलेत," त्या मला म्हणाल्या. "बाईनं कालच सांगितलं."

तेवढ्यात फाटक वाजलं. काकांच्या चपलेचा आवाज काकूंना फाटकाबाहेरूनच कळतो. त्यांनी फोन झटकन बंद केला, मांडीवरून उचलून पदराखाली घेतला, ओठांवर बोट ठेवून माझ्या दिशेने मान हलवली आणि अगदी भोळा चेहरा करून हाक मारली.

"अहो, आले का? मी काय म्हनते, नळ आज हायेत का उद्या हो?"

काका पिशवी घेऊन उभे राहिले. "फोनाला इचार की."

"फोनाला काय इचारू? ती बाई वार सांगती आन् गप बसती. अंगनात काय चाललंय तिला काय ठाव? तुमी सांगा."

काकांनी अंगणाकडे पाहिलं. नळाकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं, काकूंच्या पदराखालून डोकावणाऱ्या फोनच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर अजून धडधाकट आहे. पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली, शर्ट खाली ओढला, पाठ सरळ केली आणि तोंडापुढे मूठ धरली.

"लक्ष द्यावे," काका म्हणाले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "मारुती मंदिरामागील गल्लीत आज सकाळी सहा वाजता नळ येत आहेत. आभाळ मोकळं आहे. मांजर भिंतीवर आहे, पिल्लं बरोबर आहेत. जास्वंदीला एक कळी आलेली आहे, उद्या उमलेल. कौसल्याबाईंनी जांभळी साडी नेसलेली आहे, त्यांना शोभते. सुनीताताई रिकामं पातेलं घेऊन उभ्या आहेत, डोळ्याला पदर लावलेला आहे, कांदा चिरून आल्या असाव्यात."

काकू ऐकत होत्या, मान किंचित वर करून, मंद हसत. काकांनी अंगणातलं सगळं सगळं सांगितलं. नळाला लावलेला पाइप तेवढा सांगितला नाही.